चव आणि कंबर : स्वयंपाकघरातील साधनांचा इतिहास

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या दिवशी सभागृहामागच्या पडवीत भोजनाची तयारी चालली होती. पंधरा-वीस भगिनी कांदे चिरीत, लसूण सोलीत बसल्या होत्या आणि हातांबरोबर गप्पाही चालू होत्या. घरातील सारी साधने कोणी काढून नेली आणि एकच ठेवण्याची मुभा दिली, तर कोण काय ठेवील, असा विषय निघाला होता. एकीने मिक्सरचे नाव घेतले. दुसरीने कुकरची बाजू मांडली. सकाळी विरारहून लोकल गाठावयाची तर कुकरवाचून डबा होणे नाही, असे तिचे म्हणणे. तिसरीचा जीव नॉनस्टिक तव्यावर. चौथी म्हणाली, "मला माझी विळी पुरे. भाजी, मासळी आणि नारळ, तिन्ही कामे एकाच जागी बसून होतात."

आम्ही तेथून जात होतो. चर्चेत भाग घ्यावा म्हणून सहज बोलून गेलो, "काही म्हणा, पाट्यावर वाटलेल्या मसाल्याची चव मिक्सरला येत नाही." भगिनींनी आदराने माना डोलावल्या. मात्र ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "फादर, चव तुमची, कंबर आमची."

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो; परंतु ते वाक्य मनातून जाईना. सेमिनरीत आम्ही धर्मसभांचा, पोपमहाशयांचा आणि सम्राटांचा इतिहास अनेक वर्षे अभ्यासला. कोणत्या परिषदेत कोणता ठराव झाला हे आजही सांगता येईल. पण त्या परिषदांना बसलेल्या मंडळींची भाकरी कोणी, कशावर, किती वेळ खपून केली, हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. आजींना उत्तर देण्यासाठी नव्हे, तर त्यांचे म्हणणे नीट समजून घेण्यासाठी आम्ही हा राहिलेला धडा वाचू लागलो. त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दगड आणि ओवी

पाटा-वरवंटा हे आपल्या घरातील कदाचित सर्वांत जुने साधन असावे. मोहेंजोदडोच्या उत्खननात धान्य रगडण्याचे जे दगडी पाटे मिळाले, त्यांची रीत आणि आपल्या आजीच्या पाट्याची रीत एकच : खाली स्थिर दगड, वर पुढे-मागे ढकलावयाचा दुसरा दगड, आणि त्या दोहोंना चालविणारे माणसाचे खांदे, मनगटे आणि कंबर. चार हजारांहून अधिक वर्षे या यंत्रात पालट झाला नाही. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई दारोदार हाक देत येई, छिन्नीने त्याला पुन्हा खरवरीत करी आणि काम पुढे चालू होई. दगड झिजत असे म्हणून त्याला टाकी लावीत. वाटणारीही झिजत असे, तिची दखल कोठे नव्हती.

फिरते जाते ही त्यानंतरची मोठी सुधारणा. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) नेवासे येथे उत्खनन केले, आणि भारतातील फिरत्या जात्यांविषयी १९५९ साली स्वतंत्र लेख लिहिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, महाराष्ट्रात जाते फिरू लागले होते असे त्यावरून दिसते. रगडण्याऐवजी फिरविण्याने श्रम कमी झाले आणि दोघींना समोरासमोर बसून एकच खुंटा धरता येऊ लागला. सासू-सून, जावा-जावा, शेजारणी पहाटेच्या अंधारात जात्यावर बसू लागल्या.

जेथे दोघी बसतात तेथे बोलणे येते, आणि श्रमाला लय असेल तर बोलण्याचे गाणे होते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या सुमारे ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. राजाने हत्ती, रत्ने, पक्वान्ने यांविषयी पुष्कळ लिहिले. कांडणाऱ्या बायांचे गाणे त्याच्या कानी पडले, एवढ्यावरून त्या ग्रंथात त्यांना जागा मिळाली.

हीच ओवी पुढे संतांनी उचलली, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांनीही उचलली. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने आपले 'क्रिस्तपुराण' ओवीतच रचले आणि ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरील ओवी यांची घडण सर्वस्वी एक नव्हे, हे अभ्यासक सांगतात व ते खरेच आहे. तरीही प्रभूची कथा मराठीत सांगावयाची तेव्हा जे छंदनाम जवळचे वाटले, ते उखळा-जात्याशेजारी बसणाऱ्या बायकांच्या तोंडचे होते, याचा विसर पडू नये.

जात्याची महती पवित्र शास्त्रानेही जाणली आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे : कोणाचेही जाते किंवा त्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे होय. सावकाराने काय न्यावे आणि कशाला हात लावू नये हे ठरविताना त्या नियमशास्त्राने स्वयंपाकघराचा विचार केला होता. आपल्याकडे संत जनाबाईची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती दळू लागली की विठ्ठल येऊन तिला हातभार लावी. भक्तीच्या दृष्टीने ही कथा थोर आहेच. पण तिच्यात एक कटू गोष्टही दडलेली आहे. दळू लागावयास देव आला. घरातला पुरुष आल्याचे आख्यान आमच्या ऐकिवात नाही.

विसाव्या शतकात पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोहोचल्या आणि जाते थांबले. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरील ओव्या टिपून घेतल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांत माहेर, सासर, भाऊ, राम-सीता, बाबासाहेब आंबेडकर असे सारे काही येते. ओव्या थांबल्या याची हळहळ आम्हांसही वाटते. पण गाणाऱ्या बाईने पहाटे उठून दळणे चालू ठेवावे, म्हणजे आमचे साहित्य टिकेल, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणखी एक गोष्ट ध्यानी येते. दळण घरात होते तोवर ते बाईचे बिनमोल काम होते. ते गिरणीत गेले तेव्हा त्याला शेरामागे दर लागला आणि बहुतेक ठिकाणी गिरणीवाला पुरुष झाला.

मडक्यात डोकावणारी सत्ता

आमच्या पूर्वजांच्या स्वयंपाकघरावर सोळाव्या शतकाने मोठा ठसा उमटविला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. या काळात अमेरिका खंडातून निघालेली मिरची पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वी तिखटपणा मिऱ्याचा होता. बटाटा, पाव, कोबी ही नावे पोर्तुगीज. घमेले आणि पिंप हे शब्दही त्यांचेच. आज मिरचीवाचून ज्याचा विचार करता येत नाही तो मुंबई, साष्टी आणि वसई भागातील ईस्ट इंडियन घरांचा बॉटल मसाला त्या देवाणघेवाणीचेच फळ आहे. पावसाळ्यापूर्वी उन्हात मिरच्या वाळवावयाच्या, वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजावयाचे, उखळात लांब मुसळांनी आळीपाळीने घाव घालीत कुटावयाचे आणि काचेच्या गडद बाटल्यांत ठासून भरावयाचे, असा तो सोहळा असे. मिरचीची धूळ नाकाडोळ्यांत जाई. म्हणून कुटणाऱ्या बाया तोंडाला फडके बांधीत.

याच काळातील एक नोंद धर्मगुरू या नात्याने आम्ही संकोचाने देत आहोत. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक लांबलचक मनाईपत्र काढले. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी कोणते हिंदू रीतिरिवाज पाळू नयेत याची ती यादी होती. त्यात पोशाख होता, लग्नविधी होते, तुळस होती. आणि भातही होता. भात मीठ न घालता शिजवू नये, कारण हिंदू तसा शिजवितात, असे त्यात फर्माविले होते. चुलीवरच्या मडक्यात मीठ पडले की नाही यावरून श्रद्धेची पारख करू पाहणारी ती सत्ता होती. आमच्या धर्मसभेच्या इतिहासातील हे पान आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. पण आजींच्या वाक्यानंतर ते पुन्हा वाचताना वेगळेच काही जाणवले. त्या सत्तेने मडक्यात डोकावून पाहिले खरे; मडक्यामागे धुरात बसलेली बाई तिला दिसली नाही. या दोषात आम्ही, पुढचे लोक, काही फार मागे नाही.

धूर

चुलीचे वर्णन आमच्या पिढीचे लेखक जिव्हाळ्याने करतात. निखाऱ्यात भाजलेली सुकी मासळी, तव्यावरून काढून विस्तवावर फुगविलेली भाकरी, हे आम्हीही खाल्ले आहे. पण चुलीचा हिशेब पुरा करावयाचा तर धूर मांडावाच लागेल. १९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे मोजमाप प्रसिद्ध केले. शहरांच्या प्रदूषणावर जग बोलत असताना, त्याहून दाट धूर घरात आहे आणि तो बायका-मुलांच्या छातीत जातो, हे या कामाने उघड केले.

चुलीला पर्याय म्हणून आलेला रॉकेलचा दाबाचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे फ्रान्स लिंडक्विस्ट याने प्राइमस या नावाने बनविला. त्यात वात नव्हती. टाकीत पंपाने हवा भरावयाची, रॉकेलची वाफ होऊन ती निळ्या ज्योतीने जळे, आणि काजळी फारच थोडी. मुंबईच्या चाळींत एका खोलीत संसार करणाऱ्या असंख्य कुटुंबांना त्याने आधार दिला. पंप मारणे, पिन मारणे हे शब्द त्यानेच घरोघरी रूढ केले. परंतु याच स्टोव्हच्या नावावर पुढे एक काळाकुट्ट अध्याय लिहिला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वर्तमानपत्रांत 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' अशा बातम्या वारंवार येत. त्यांतील काही खरोखरच अपघात होते. काहींत मात्र स्टोव्ह हा नुसता बहाणा होता, आणि ते समाजाला ठाऊक होते. १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध भारतीय दंड संहितेत कलमे घालावी लागली. एका उपयुक्त साधनाला खुनाची साक्ष द्यावयास लावणारा समाज आपलाच होता. कोणत्याही धर्माच्या लोकांनी त्यातून स्वतःस वगळू नये.

गॅस मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने सिलिंडरमधून आणला. इंडियन ऑइलची 'इंडेन' जोडणी १९६५ पासून मिळू लागली. आमच्या लहानपणी गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि लाल सिलिंडर दारी उतरला की शेजारपाजारचे लोक पाहावयास जमत. गरिबाघरी तो पोहोचावयास आणखी कितीतरी वर्षे गेली. केंद्र सरकारची उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि तिच्यातील आठ कोटीव्या जोडणीचा कार्यक्रम ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाला. जोडणी मिळाली तरी पुढचा सिलिंडर भरून घेण्याची ऐपत सर्वांना असतेच असे नाही. तेथे चूल अजून पेटते.

त्या दिवशी पडवीत आम्ही आजींना विचारले होते, "मग आजी, तुम्ही काय ठेवाल?" त्या चटकन म्हणाल्या, "गॅस. माझ्या आईचे डोळे धुराने गेले."

वाफ आणि वीज

कुकरचा मूळपुरुष तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे सादर केले. त्यात वाफ कोंडून कठीण हाडेही मऊ होत. वाफ फार झाली तर भांडे फुटू नये म्हणून त्याने वजनाची झडप बसविली. आपल्या कुकरची शिट्टी ही त्या झडपेचीच वंशज. तत्त्व सोपे आहे. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि कितीही जाळ केला तरी त्यापुढे तापत नाही. कोंडलेल्या वाफेच्या दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि तूरडाळ, हरभरे, मटण यांचा शिजण्याचा वेळ कितीतरी कमी होतो. आपल्या देशात १९१० साली कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' काढला. त्यात दाब नव्हता, खाली कोळसे आणि वर डब्यांची उतरंड, एवढेच. पण एकदा लावून दुसऱ्या कामाला जाता येई, आणि बाईला तेच हवे होते. १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज या नावांचे प्रेशर कुकर भारतात तयार होऊ लागले.

मिक्सरची कथा तर आपल्या मुंबईची. परदेशी यंत्रे मऊ फळे घुसळण्यासाठी बनविलेली. हळकुंड, सुके खोबरे, भिजविलेले तांदूळ त्यांना झेपेनात आणि मोटर जळून जाई. माधुरी माथुर यांचे असेच एक परदेशी यंत्र बंद पडले, तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटर तयार केली, आणि १९६३ साली 'सुमीत' मिक्सर बाजारात आला. येथे विशेष हे की साधनाचा आरंभ बाईच्या तक्रारीतून झाला आणि ती तक्रार घरातल्या पुरुषाने ऐकली. पाट्यावर ज्याला अर्धा-पाऊण तास लागे ते वाटण काही मिनिटांत होऊ लागले. पात्याच्या वेगाने मसाला तापतो आणि चवीत थोडा फरक पडतो, हे खरे. म्हणजे आमचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ते फक्त अर्धे होते.

उरलेले अर्धे

आता आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो. १९८० नंतरच्या दशकात आमच्या घरी मिक्सर आला. आईने पहिल्या दिवशी त्याला फुले वाहिली. रविवारी जेवताना वडील म्हणाले, "कालवणाला नेहमीची चव नाही." ते रागाने बोलले नव्हते, पुन्हा कधी बोललेही नाहीत. पण पुढची कित्येक वर्षे रविवारचे वाटण आईने पाट्यावरच केले. पहिल्या मिस्साहून आली की लुगडे बदलून ती पाट्यापाशी बसे. आम्ही भाऊ त्या वेळी अंगणात असू. ते कालवण आम्ही बोटे चाटून खाल्ले, सेमिनरीतून सुटीवर आलो की मागून खाल्ले आणि अनेक प्रवचनांत आईच्या हाताची चव म्हणून त्याचे गोडवे गायिले. आमच्यापैकी एकानेही कधी तिच्या हातून वरवंटा घेतला नाही. तो किती जड होता हे तिच्या पश्चात घर आवरताना आम्हांला प्रथम कळले.

साधने बदलली, हात बदलले नाहीत, हे आकडेही सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, त्या कामात घालवीत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. आणि मुळात असे काम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, तर पुरुष २६.१ टक्के होते. कुकर, मिक्सर आणि गॅस यांनी बाईची कंबर आणि डोळे काही अंशी वाचविले. वाचलेला वेळ मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कामाने गिळला. दोन भाज्या, तीन प्रकारचे डबे, आणि नोकरी करणारीला तर दोन पाळ्या.

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांच्यावर आम्ही आजवर कितीदा तरी बोललो आहोत. मार्थेने उगाच दगदग केली, मरियेने उत्तम वाटा निवडला, असे सांगून आम्ही भगिनींना प्रार्थनेचे महत्त्व पटवीत असू. प्रभूचे शब्द आम्हांस शिरोधार्य आहेत. परंतु त्या घरी आलेल्या पाहुण्यांपैकी, किंवा प्रवचन ऐकून जेवावयास जाणाऱ्या आम्हा पुरुषांपैकी, कोणी उठून मार्थेला हात लावला असता तर तीही प्रभूच्या चरणांशी बसली असती, हे सांगावयाचे मात्र आमच्याकडून राहून गेले.

म्हणून पाट्यावरच्या चवीचे कौतुक कोणी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला ती चव हवी त्याने पाटा मांडावा, वरवंटा धरावा आणि स्वतः वाटावे. कुटुंबात नवे साधन आणावयाचे तेव्हा त्याची किंमत विचारावी, तसेच त्याने कोणाचे काम हलके होणार आणि मोकळा झालेला तास कोणाचा, हेही विचारावे.

यंदाच्या सणाच्या तयारीसाठी कामांची यादी सूचनाफलकावर लागली, तेव्हा लसूण सोलण्याच्या रकान्यात आम्ही आमचे नाव लिहिले. खाली आणखी चार पुरुषांची नावे आली. आजींनी फलक वाचला आणि एवढेच म्हणाल्या, "फादर, नखे आधी वाढवा. नाहीतर सोलता यायचे नाही."